कोल्हापूर ते दिब्रुगड: अंतर २४४५ किलोमीटर, मग साइट पावणेबारा तास का दाखवते?

प्रश्न आमच्याच ठाण्यातल्या सोसायटीतला आहे. बी विंगमधली एक मुलगी, माहेर कोल्हापूर, भाऊ आसामात दुलियाजानला ऑइल कंपनीत. जानेवारीत त्याच्याकडे बाळ येणार, म्हणून आई-बाबांना तिकडं पाठवायचंय. बाबा एकाहत्तरचे, आईचे गुडघे गेलेत. तिनं नेटवर कोल्हापूर-दिब्रुगड अंतर काढलं, २४४५ किलोमीटर आलं, विमानाचा स्पीड बघितला ८५०, भागाकार केला, तर तीन तासाच्या आतच काम. मग तिकिटाची साइट उघडली तर ११ तास ४० मिनिटं. लिफ्टमध्ये मला गाठून विचारलं, काका, हे लोक गंडवतात की माझं गणित चुकतंय?

लिफ्टमध्ये सांगण्यासारखं उत्तर नाही हे, म्हणून लिहूनच काढतो, दुसऱ्या कुणाला पण उपयोगी पडेल.

भागाकार तुझा बरोबर आहे गं. मी २९ वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली, म्हणजे विमान उडायच्या आधी त्याचा रस्ता, उंची, वारा, इंधन, पर्यायी विमानतळ असं सगळं मांडून तो कागद कॅप्टनच्या हातात द्यायचा, खाली माझी सही. त्या २९ वर्षांत सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, अमुक ते तमुक किती वेळ लागतो? आणि मी दरवेळी उलट विचारायचो, कुठल्या महिन्यात, कुठल्या दिशेनं, कुठल्या विमानानं? लोक वैतागायचे. पण त्याशिवाय सांगताच येत नाही, खरंच.

आधी अंतराचं बघू, कारण ते सोपं आहे. कोल्हापूरचं विमानतळ म्हणजे उजळाईवाडी, दिब्रुगडचं म्हणजे मोहनबारी. दोन्हीचे अक्षांश-रेखांश घेतले, पृथ्वी ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोळा धरली आणि गोळ्याच्या पृष्ठभागावरून सगळ्यात जवळची रेघ काढली की २४४५ च्या आसपास येतं. आमच्या भाषेत १३२० नॉटिकल मैल, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ही जी गोळ्यावरची रेघ, ग्रेट सर्कल म्हणतात, तिच्याबद्दल नेटवर फार गूढ करून सांगतात, की नकाशावरची सरळ रेघ खोटी असते वगैरे. मुंबई-न्यूयॉर्कला ते खरंय, शेकडो किलोमीटरचा फरक पडतो. पण आपल्या या दोन गावांत मी काढून बघितलं, कंपासचा एकच कोन धरून गेलं तर फरक पडतो तीन-चार किलोमीटरचा. म्हणजे आपल्याकडं घोडबंदर रोडला एक यू-टर्न चुकला की तेवढं होतं. सोडून दे तो विषय.

खरा फरक पडतो तो विमान त्या रेघेवरून जातच नाही म्हणून. आकाशात पण रस्ते असतात, पाच अक्षरी नावांचे पॉइंट्स असतात आणि एकावरून दुसऱ्यावर असं जायचं असतं. मध्ये मिलिटरीचे एरिया येतात ते टाळायचे, विमानतळावरून निघताना आणि उतरताना ठरलेली वळणं घ्यायची. आणि तुझ्या या रेघेची एक गंमत म्हणजे ती शेवटी शेवटी उत्तर बांगलादेशावरून जाते. आपली विमानं बांगलादेशावरून जातात, कोलकाता-आगरतळा तर वर्षानुवर्षं तसंच चाललंय, पण दुसऱ्या देशाच्या हद्दीतून गेलं की त्याचे पैसे मोजावे लागतात आणि तिथल्या कंट्रोलशी बोलावं लागतं. हे सगळं धरून मी सरळ अंतरात चार-पाच टक्के वाढवून हिशोब करायचो. कधी दोन लागायचे, कधी आठ, पण अंदाजाला चार-पाच ठीक.

आता वेळ. इथं लोक जे गोंधळतात ते 'फ्लाइट टाइम' या एका शब्दामुळं, कारण त्याचे तीन अर्थ लावले जातात. एक म्हणजे चाकं जमिनीवरून उचलली ते परत टेकली तेवढाच वेळ. दुसरा ब्लॉक टाइम, म्हणजे चाकांपुढचे ठोकळे काढून विमान हललं तिथपासून पलीकडं जाऊन परत ठोकळे लावेपर्यंत. तिकिटावर छापतात तो हा, ब्लॉक टाइम. आणि तिसरा साइटवर जो 'एकूण प्रवास' म्हणून येतो तो, त्यात मधल्या विमानतळावर खुर्चीत बसून काढलेला वेळ पण धरलेला असतो. तू पहिल्याचं गणित केलंस आणि तिसऱ्याशी ताडून बघितलंस, मग मेळ कसा बसणार.

त्यात ८५० हा स्पीड पण फसवा आहे. ए३२० सारखं जेट विमान वर ३५ हजार फुटांवर सरळ चाललेलं असतं तेव्हा ४५० नॉटनं (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं. पण वर पोचायला वीस-पंचवीस मिनिटं आणि उतरायला तेवढीच, त्यात स्पीड कमी, दहा हजार फुटांच्या खाली तर २५० नॉटच्या वर जायची सहसा परवानगीच नसते. वर मुंबईसारख्या ठिकाणी रनवेला लागेपर्यंत रांग, मुंबईला रनवे दोन पण एकमेकांना काटतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरतात. त्या रांगेत वीस मिनिटं गेली तरी आम्ही त्याला उशीर म्हणायचो नाही, ती धरलेलीच असायची. उलट कोल्हापूरला विमान हललं की तीन-चार मिनिटांत रनवेवर.

आणि वेळापत्रकात थोडी हवा भरलेली असते हे पण खरंय. ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत पोचलं की ते विमान 'वेळेवर' धरतात, तो आकडा जाहीर होतो, मग कुठली कंपनी टाइट वेळ छापेल? म्हणून कधी कधी तू वीस मिनिटं आधी उतरतेस आणि पायलट कौतुकानं अनाउन्स करतो. त्यात कौतुक अर्धं वाऱ्याचं आणि अर्धं टाइमटेबल बनवणाऱ्याचं.

माझा स्वतःचा ठोकताळा सांगतो, कागद-पेन्सिल नसताना हाच वापरायचो. जेट असेल तर हवाई अंतराला ८०० नं भाग आणि वर ३५ मिनिटं टाक. एटीआर असेल, ते पंख्याचं ७० सीटर, तर ४८० नं भाग आणि २५ मिनिटं टाक. मुंबई-कोलकाता १६६५ किलोमीटर, दोन तास पाच मिनिटं अधिक ३५, दोन चाळीस. तिकीट काढून बघ, दहा-पंधरा मिनिटं इकडं तिकडं तेवढंच येईल.

पण थांब, वारा राहिला. आणि वारा हा या सगळ्यात खरा मालक आहे.

हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेला, म्हणजे बरोबर उत्तर भारताच्या डोक्यावर, पश्चिमेकडून पूर्वेकडं एक वाऱ्याचा पट्टा वाहतो, जेट स्ट्रीम. ३५-४० हजार फुटांवर १०० नॉट सहज, कधी कधी त्याच्याही वर. साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत असतो, मग पाऊस आला की तो उचलून तिबेटच्या पलीकडं जातो आणि दक्षिण भारतावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडं वारा सुरू होतो. हा उलटा जेट स्ट्रीम जगापुढं मांडला तो आपल्याच हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम यांनी, १९५८ चा त्यांचा पेपर आहे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये त्यांचं नाव पाठ करायला लावलं होतं, तेव्हा कंटाळा यायचा, आता अभिमान वाटतो.

आता तुझ्या जानेवारीचं बघ. मुंबई-कोलकाता १६६५ म्हणजे ९०० नॉटिकल मैल, वळणांचे चार टक्के धरून ९३५. वारा नसेल तर ४५० नॉटनं हवेतला वेळ दोन तास पाच मिनिटं. जानेवारीत सरासरी ६० नॉट मागून मिळाले तर जमिनीवरचा स्पीड झाला ५१०, वेळ एक तास पन्नास. परत येताना तेच ६० समोरून, स्पीड ३९०, वेळ दोन तास चोवीस. त्याच दोन गावांत, त्याच विमानानं, त्याच दिवशी जाण्यायेण्यात ३४ मिनिटांचा फरक. आणि गंमत म्हणजे दोन्हीची बेरीज कर, चार तास चौदा. वारा नसता तर चार तास नऊ झाले असते. लोकांना वाटतं जाताना मिळालं ते येताना गेलं, फिट्टंफाट. तसं होत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात तू जास्त वेळ असतेस आणि मागच्या वाऱ्यात कमी, त्यामुळं वारा जेवढं देतो त्यापेक्षा जास्त काढून घेतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं पण शिकलो एका रात्री. नोकरीला तीनेक वर्षं झाली असतील. जानेवारी, कोलकात्याहून मुंबईला येणारं शेवटचं विमान, कागद माझ्याकडं. तेव्हा प्लॅनच्या प्रिंटवर एकेका पॉइंटपुढं रकाने असायचे: उंची, वारा, जमिनीवरचा स्पीड, मिनिटं, आणि टाकीत उरलेलं इंधन. कोलकात्याचा पॉइंट, मग जमशेदपूरची बाजू, रायपूर, नागपूर असं खाली खाली येत जायचं. वाऱ्याच्या रकान्यात मी समोरून ७० धरले, चार्ट संध्याकाळचा होता, नवीन चार्ट यायला अवकाश होता आणि मला घाई होती. प्रत्यक्षात पट्टा दक्षिणेला सरकला होता, तिथं ११० निघाले. हिशोबानं सतरा मिनिटं जास्त, मिनिटाला चाळीस किलो धर, म्हणजे सातशे किलो इंधन. तेवढ्यानं पण भागलं असतं, कारण जास्तीचं इंधन नेहमी असतंच, पण त्याच वेळी मुंबईनं अर्धा तास होल्डिंग, म्हणजे वरच घिरट्या घालत थांबायला, सांगितलं. कॅप्टननं वाद घातला नाही, सरळ नागपूरला उतरवलं, इंधन घेतलं आणि तासाभरानं परत निघाला. विमानात एक कुटुंब पुढं लग्नाला चाललेलं, त्यांची कनेक्टिंग गाडी गेली. सकाळी आमचे सीनियर आले, मला एक शब्द बोलले नाहीत, नुसता तो प्रिंट घेऊन लाल पेन्सिलीनं वाऱ्याच्या रकान्याभोवती गोल काढला आणि कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. रिटायर होईपर्यंत तो तिथंच होता.

असो, बरंच लांब गेलो. मुद्द्यावर येतो.

कोल्हापूर-दिब्रुगड थेट विमान का नाही, तर कोल्हापूरला रोज जी पंख्याची विमानं येतात ना, ती भरलेली असली की १४००-१५०० किलोमीटरच्या पुढं जाऊच शकत नाहीत. ती बनवलीच आहेत छोट्या टप्प्यांसाठी. मोठं जेट आणायचं तर रनवे तेवढा लांब पाहिजे आणि रोज १८० माणसं कोल्हापुरातून दिब्रुगडला जाणारी पाहिजेत, ती कुठनं आणणार? उडान योजनेत २०१७ पासून छोटी गावं जोडायला सुरुवात झाली ती पण गाव ते मोठं शहर अशीच. म्हणजे दोन टोकाची छोटी विमानतळं असली की मध्ये दोन मोठी घ्यावी लागणारच, तीन टप्पे, दोन वेळा चढउतार.

आता कुठली दोन घ्यायची ते बघ. बहुतेक जण मुंबई धरतात. कोल्हापूर-मुंबई ३०९ किलोमीटर, मुंबई-कोलकाता १६६५, कोलकाता-दिब्रुगड ८५२, एकूण २८२६. पण कोल्हापूरहून आसामला जायचंय पूर्वेला, आणि तू सुरुवातीलाच त्यांना वायव्येला पाठवतेस. हैदराबादवरून केलं तर ४४५, मग १२०७, मग ८५२, एकूण २५०४. सरळ रेघेपेक्षा फक्त साठ किलोमीटर जास्त, म्हणजे हैदराबाद आणि कोलकाता जवळजवळ रेघेवरच आहेत म्हण ना. आणि साइट कधी कधी दिल्लीवरून पण दाखवते, मुंबई-दिल्ली-दिब्रुगड, ते ३२०० च्या वर जातं, ते बघूच नको, वर जानेवारीत दिल्लीचं धुकं.

आता वाटेल की हैदराबादवरून ३२० किलोमीटर वाचले म्हणजे अर्धा तास तरी वाचला. नाही वाचत. माझ्या ठोकताळ्यानं मुंबईवरून ब्लॉक टाइम एक तास पाच, दोन चाळीस आणि एक चाळीस, बेरीज पाच पंचवीस. हैदराबादवरून एक वीस, दोन पाच आणि एक चाळीस, बेरीज पाच तास पाच मिनिटं. वीसच मिनिटं. कारण हैदराबादचा टप्पा लांब आहे आणि तो हळू चालणाऱ्या विमानाचा आहे. मुंबईला तू हळू विमानात ३०९ किलोमीटरच काढतेस आणि उरलेलं जेटमध्ये. अंतर कमी म्हणजे वेळ कमी हे इथं पण फसतं.

म्हणजे तुझ्या ११ तास ४० मधले विमानातले पाच-साडेपाच, बाकीचे सव्वासहा तास ते मधल्या विमानतळांवर बसणार. साइट गंडवत नाही, फक्त सगळं एकत्र बांधून देते. आणि हे सहा तास पण सगळे वाया नसतात. एकाहत्तरच्या माणसाला आणि गुडघेवालीला पाऊण तासाचं कनेक्शन देऊन धावायला लावायचं नाही. मी स्वतः माझ्या माणसांसाठी मुंबई किंवा कोलकात्यात अडीच-तीन तास ठेवतो, त्याच्या खाली नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेव, आईला लाज वाटेल, म्हणेल मी चालते की, ऐकू नकोस. मोठ्या विमानतळावर गेटपर्यंत चालणं म्हणजे आपला तलावपाळीचा एक फेरा आहे.

तीनही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, असू देत. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून लोक काढतात, पण मग पहिलं विमान लेट झालं तर पुढच्या कंपनीला काही देणंघेणं नाही, बॅग पण उतरवून परत द्यावी लागते. एका पीएनआरवर असलं की बॅग सहसा थेट दिब्रुगडला निघते आणि कनेक्शन चुकलं तर पुढं पाठवायची डोकेदुखी त्यांची. चेक-इनला बॅगेच्या टॅगवर डीआयबी लिहिलंय का ते बाबांना बघायला सांग, विमानतळाचे कोड आहेत ते, कोल्हापूरचा केएलएच आणि दिब्रुगडचा डीआयबी.

आणि आता आपल्याकडची नवीन भानगड. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडायला लागली. आनंदाची गोष्ट आहे, बेलापूर-पनवेलवाल्यांना तर घरचं विमानतळ मिळालं. पण साइटवर 'मुंबई' म्हणून शोधलं की दोन्ही विमानतळ एकत्र येतात, बीओएम म्हणजे सांताक्रूझचं जुनं आणि एनएमआय म्हणजे उलव्याचं नवं. स्वस्तात जोडी बसवायच्या नादात कोल्हापूरचं विमान एकीकडं उतरतं आणि कोलकात्याचं दुसरीकडून निघतं असं तिकीट काढशील तर दोन म्हाताऱ्या माणसांना बॅगा घेऊन मध्ये टॅक्सी, अटल सेतू असला तरी संध्याकाळच्या ट्रॅफिकचा भरवसा आहे का कुणाला? आमच्याच ओळखीत एकानं असं केलं, धावपळ करून पोचला तेव्हा काउंटर बंद झालेला. तिकिटावर तीन अक्षरं नीट वाच, दोनदा वाच.

अजून एक गोष्ट, जी गणितात कुठंच दिसत नाही. घड्याळ सगळ्या देशात एक, पण सूर्य एक नाही. कोल्हापूर साधारण ७४ रेखांशावर, दिब्रुगड ९५ वर, एका अंशाला चार मिनिटं म्हणजे सूर्याच्या हिशोबानं दिब्रुगड आपल्यापुढं जवळजवळ एक तास तेवीस मिनिटं. वर ते उत्तरेला आहे म्हणून हिवाळ्यात दिवस अजून छोटा. जानेवारीच्या मध्यावर कोल्हापुरात सूर्य मावळतो सव्वासहाच्या सुमारास आणि दिब्रुगडला साडेचारलाच. चहाच्या बागांत म्हणूनच 'बागान टाइम' चालतो, घड्याळ एक तास पुढं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाच वाजता हॉटेलबाहेर पडलो तर रात्र, दुकानं आवरायला लागलेली, मला वाटलं घड्याळ बंद पडलं. तर तुझे आई-बाबा साडेपाचला तिथं उतरले तर त्यांच्यासाठी ती काळोखी रात्र आहे आणि पुढं दुलियाजानचा तासाभराचा रस्ता, थंडीत. आणि अगदी सकाळी उतरणारं पण नको, ब्रह्मपुत्रेच्या बाजूला धुकं असतं, ते आठ-नऊ वाजेपर्यंत उठत नाही, मग विमान वर फिरत बसतं किंवा ३७० किलोमीटर मागं गुवाहाटीला जाऊन बसतं. आम्ही दिब्रुगडच्या प्लॅनवर पर्यायी म्हणून गुवाहाटीच लिहायचो आणि हिवाळ्यात सकाळच्या विमानाला इंधन जरा सढळ हातानं द्यायचो. साडेअकरा ते तीनच्या मधलं लँडिंग शोध.

पण कोल्हापूरहून सकाळी निघून, दोन ठिकाणी अडीच-अडीच तास थांबून दिब्रुगडला तीनच्या आत? बेरीज कर, विमानातले जवळजवळ साडेपाच अधिक थांबण्याचे पाच, साडेदहा तास झाले. पहाटे साडेचारला कोल्हापूरहून कुठलं विमान निघणार. म्हणून माझं स्पष्ट मत, एका दिवसात हे करूच नको. त्यांना आधी तुझ्याकडं ठाण्याला आण, महालक्ष्मीनं रात्री बसले की सकाळी कल्याण, तुझा नवरा गाडी घेऊन जाईल. दोन दिवस नातवंडांत राहू देत. मग इथून सकाळी लवकरचं कोलकाता आणि पुढं दिब्रुगड, दोनच टप्पे, एकच बदल. दोन चाळीस आणि एक चाळीस, मध्ये अडीच तास, म्हणजे सात तासाच्या आत. सहाचं विमान मिळालं तर एकच्या आत मोहनबारी, अजून लख्ख ऊन, भाऊ बाहेर उभा.

वेळापत्रक मात्र आत्ता जे दिसतंय तेच धरून बसू नकोस. ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं. जानेवारीचं तिकीट हिवाळी वेळापत्रकातलं, पण परत येणं एप्रिलमध्ये गेलं तर सगळं नवीन असेल. आणि परतीचं तिकीट काढताना दोन गोष्टी, एक तर समोरचा वारा आहे म्हणून प्रत्येक टप्पा दहा-वीस मिनिटांनी लांब दिसेल, घाबरू नकोस. दुसरं, मार्चपासून मेपर्यंत कोलकात्यात दुपारी-संध्याकाळी कालबैसाखीची वादळं येतात, त्यामुळं परतताना कोलकात्यातून दुपारच्या आत निघणारं बघ.

ट्रेननं पाठवू का असं पण तू विचारलं होतंस. दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्स्प्रेस देशातली सगळ्यात लांब पल्ल्याची गाडी आहे, चार हजार किलोमीटरच्या वर, त्यावरून काय ते ओळख. बाबांना हौस असेल तर त्यांनी एकट्यानं कधीतरी करावी, आईला नको.

सामानात एक लक्षात ठेव, बाळंतिणीसाठी खोबरं देशील तर अख्ख्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, तेलकट म्हणून पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. डिंकाचे लाडू करूनच दे.

आणि सीट. मुंबई-कोलकाता कुठलीही घे, पण कोलकाता-दिब्रुगड टप्प्याला बाबांना डावीकडची खिडकी घेऊन दे, पंखाच्या पुढची किंवा एकदम मागची. जानेवारीत हवा स्वच्छ असते, निघाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी उत्तरेला पांढरी रांग दिसायला लागते, आधी ढगच वाटतात. कांचनजंगा असते ती, सगळ्यात उंच दिसते तीच. येताना उजवीकडची.